रंगाचे थर आणि रंगाचे दोष

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे या वस्तीचे तीन कालखंड ओळखता आले ते मातीच्या थरांमुळे. उत्खननाचा नियम साधा असतो. वरचा थर नंतरचा, खालचा थर आधीचा, आणि एका थरातील वस्तू दुसऱ्या थरातील वस्तूंत मिसळू द्यायची नाही. हे पथ्य मोडले की इतिहासाचा घोटाळा झालाच म्हणून समजा.

हाच नियम एका अगदी निराळ्या वस्तूला कसा लागू पडतो ते या लेखात पाहायचे आहे. ती वस्तू म्हणजे जुनी मोटारगाडी.

समजा, शिरूरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एखाद्या गॅरेजात पन्नास वर्षांपूर्वीची एक फियाट उभी आहे. मालकाने हौसेने पैसे साठवून ती दुरुस्त करून घेतली. पत्रा ठोकून सरळ केला, खड्ड्यांत लांबी भरली, नवा रंग चढवला. गाडी आरशासारखी चमकू लागली. पण पंधरा दिवसांनी बॉनेटवर सुरकुत्या दिसल्या आणि पहिल्या पावसानंतर दारांवर बारीक फोड आले. आता भांडणाला सुरुवात होते. मालक म्हणतो, कारागिराने हात मारला. कारागीर म्हणतो, रंगात खोट होती. दुकानदार म्हणतो, थिनर भलताच वापरला. बहुतेक वेळा मजुरी कापली जाते ती कारागिराची, कारण तिघांत बोलायला तोच सर्वांत दुबळा असतो.

वास्तविक यांपैकी अनेक दोष कोणाच्याही अप्रामाणिकपणातून येत नाहीत. वेगवेगळ्या काळांत जन्मलेली रसायने एकाच पत्र्यावर एकमेकांच्या उरावर बसवली की ती भांडतात. हे भांडण समजण्यासाठी मोटारीच्या रंगाचा इतिहास थरांच्या क्रमाने पाहावा लागतो.

वाळणे तीन प्रकारचे

रंगाचे घटक स्थूलमानाने तीन. रंगकण रंग देतात, बंधक त्यांना पत्र्याला चिकटवून धरतो आणि विद्रावक, म्हणजे बोलीभाषेतले थिनर, हे सारे पातळ ठेवतो. रंग वाळतो म्हणजे नेमके काय होते? हा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक मुले ‘पातळ पदार्थ उडून जातो’ असे उत्तर देतील. ते एक तृतीयांशच बरोबर आहे.

काचेचे तीन छोटे तुकडे घ्यावेत. पहिल्यावर नेलपॉलिशचा, दुसऱ्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा आणि तिसऱ्यावर दोन ट्यूबांतून येणाऱ्या एपॉक्सी डिंकाचा पातळ लेप द्यावा. तिन्हींचे वजन संवेदनशील तराजूवर लगेच करावे आणि पुरते वाळल्यावर पुन्हा करावे. नेलपॉलिशचे वजन बरेच घटते, कारण त्यातील विद्रावक उडून जातो. तेलाचे वजन चक्क वाढते, कारण वाळताना ते हवेतला ऑक्सिजन घेते. डिंकाचे वजन जवळजवळ तेवढेच राहते, कारण दोन ट्यूबांतील पदार्थ एकमेकांशीच संयोग पावतात.

मोटारीच्या रंगाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास या तीन काचांत सामावलेला आहे. फक्त क्रम थोडा वेगळा. आधी तेल, मग नेलपॉलिश, पुन्हा तेलाचा सुधारलेला अवतार आणि शेवटी दोन ट्यूबा.

जवसाच्या तेलाचे दिवस

पहिल्या मोटारी म्हणजे घोडा काढून इंजिन बसवलेल्या बग्ग्याच होत्या, आणि त्यांना रंगही बग्गीचाच असे. जवसाचे तेल आणि झाडांची राळ यांचे व्हार्निश कुंचल्याने लावायचे, वाळू द्यायचे, घासायचे, पुन्हा लावायचे. तेलाच्या रेणूंना ऑक्सिजन मिळून त्यांचे जाळे तयार व्हायला वेळ लागतो. एका गाडीचा रंग पुरा व्हायला तीन-चार आठवडे सहज जात. तोवर ओल्या रंगावर धूळ बसे, किडे चिकटत, आणि रंग वाळण्याची वाट पाहणाऱ्या गाड्यांसाठी कारखान्याला मोठाल्या शेडा बांधाव्या लागत.

हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाड्या १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळत. तो काळा रंग डांबरासारख्या पदार्थापासून केलेला, भट्टीत भाजून लवकर वाळणारा होता. त्या पद्धतीत इतर रंगछटा साधत नसत. रंग हवेत तर आठवडे मोजा, वेग हवा तर काळे घ्या, असा तो पेच होता.

युद्धातून उरलेला कापूस

पेच सुटला तो दारूगोळ्याच्या कारखान्यातून. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. पहिल्या महायुद्धात बिनधुराच्या दारूसाठी त्याचे प्रचंड उत्पादन झाले. युद्ध संपल्यावर या साऱ्या यंत्रसामग्रीचे करायचे काय, हा प्रश्न अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीपुढे होता.

नायट्रोसेल्युलोज विद्रावकात विरघळवून लेप दिला तर तो मिनिटांत वाळतो, हे आधीपासून माहीत होते. अडचण अशी की त्याचे द्रावण फार चिकट होई. फवाऱ्यातून जाण्याइतके पातळ करावे तर त्यात बंधक आणि रंगकण इतके थोडे उरत की कितीतरी हात द्यावे लागत. १९२० च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतील पार्लिन येथे या कंपनीच्या एका पिंपातील दाट मिश्रण उन्हाच्या तापाने आणि त्यात मिसळलेल्या सोडियम अॅसिटेटमुळे अगदी पातळ झाल्याचे आढळले. एरवी असा बिघडलेला माल ओतून दिला असता. एडमंड फ्लॅहर्टी या रसायनज्ञाने तसे केले नाही. सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटून आखूड झाल्या होत्या. आता द्रावणात भरपूर बंधक आणि रंगकण घालूनही ते फवारता येत होते. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर हा रंग निळ्या छटेत अवतरला. त्याचे नाव होते ‘ड्यूको’. आठवड्यांचे काम तासांवर आले.

आपल्याकडे हे व्यापारी नाव इतके रुळले की फवाऱ्याने मारलेल्या चकचकीत रंगाला, मग तो कपाटावर का असेना, आजही ‘ड्यूको’च म्हणतात. नेलपॉलिश हेही याच कुळातले. गाडीवरचा ड्यूको आणि बोटावरची लाली एकाच पदार्थाची बनतात, हे मुलांना सांगून पाहावे.

या कथेला आणखी एक धागा आहे. त्याच युद्धात ब्रिटनला कॉर्डाइट नावाच्या दारूसाठी अॅसिटोन हवे होते. शाइम वाइझमन यांनी एका जिवाणूकडून पिष्टमय धान्य आंबवून ते मिळवले. या किण्वनात अॅसिटोनच्या जवळजवळ दुप्पट ब्युटेनॉल निघे, आणि युद्धकाळात त्याला फारसा उपयोग नव्हता. नायट्रोसेल्युलोजचे रंग आल्यावर चित्र पालटले. ब्युटेनॉलपासून केलेले ब्युटिल अॅसिटेट हा सावकाश उडणारा उत्तम विद्रावक ठरला. सावकाश उडण्याचे महत्त्व काय, ते पुढच्या दोषात दिसेल.

पांढरी झाक आणि पाण्याचा रांजण

पावसाळ्याच्या दिवसांत ड्यूको मारला की काही मिनिटांत चमक जाऊन रंगावर दुधासारखी झाक येते. कारागिराला वाटते, रंग फाटला. खरे कारण आपल्या घरातल्या माठात किंवा रांजणात आहे. रांजणाबाहेर झिरपलेले पाणी उडताना उष्णता घेऊन जाते आणि आतले पाणी गार होते. तसेच थिनर झपाट्याने उडताना रंगाचा ओला थर गार करते. थराचे तापमान दवबिंदूखाली गेले की हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते. पाणी शिरले की नायट्रोसेल्युलोज द्रावणाबाहेर पडते आणि थर पांढरा दिसतो.

आकडे घेऊन पाहू. शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके. मे महिन्यात दुपारी तापमान ३८ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे ११ अंश येतो. थर २७ अंशांनी गार होईल तेव्हा कुठे दव पडणार! म्हणजे धोका जवळपास नाहीच. पण पावसाळी दिवशी, किंवा भिजवलेल्या उसाच्या कडेला संध्याकाळी, तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू २४ अंशांच्या थोडा वर असतो. चार अंशांची घट पुरते, आणि तेवढी घट थिनर सहज करते. रंग तोच, हात तोच, फक्त दिवस निराळा.

यावर उपाय म्हणजे कोरड्या हवेची वेळ धरणे, नाही तर सावकाश उडणारे थिनर मिसळणे. याला कारागीर ‘रिटार्डर’ म्हणतात. युद्धातल्या त्या नकोशा ब्युटेनॉलची जातकुळी इथे उपयोगी पडते. झाक ताजी असेल तर अशा थिनरचा हलका फवारा दिल्यावर थर पुन्हा मऊ होतो, पाणी निघून जाते आणि चमक परतते.

उन्हाळ्याचा दोष बरोबर उलटा. कोरड्या, गरम वाऱ्यात थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत निम्मे वाळतात आणि एकजीव पसरत नाहीत. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. तेथेही सावकाश उडणारे थिनरच कामी येते.

एनॅमल आले आणि भांडण सुरू झाले

ड्यूकोची चमक घासून काढावी लागे आणि कालांतराने तो ठिसूळ होई. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या रॉय किन्ले यांच्यासारख्या रसायनज्ञांनी अल्किड राळ तयार केली. अल्कोहोल आणि आम्ल यांच्या संयोगातून बनलेल्या या राळेत जवसासारख्या तेलांचे अंश गुंफलेले असतात. म्हणजे जुने तेलच, पण शिकून-सवरून आलेले. यापासून बनलेला सिंथेटिक एनॅमल एका-दोन हातांत भरपूर चमक देतो, स्वस्त पडतो आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो.

मात्र हे वाळणे वरून खाली होते. वरची साय आधी घट्ट होते, आतला भाग कित्येक दिवस कच्चा राहतो. अशा एनॅमलवर ड्यूको मारला तर त्याचे जहाल थिनर सायीतून आत शिरते, कच्चा थर फुगवते, आणि फुगलेल्या थराला पसरायला जागा नसल्याने त्याच्या सुरकुत्या पडतात. आपल्या गोष्टीतल्या बॉनेटवर हेच झाले असावे. उलट, पुरत्या वाळलेल्या ड्यूकोवर एनॅमल मारला तर सहसा त्रास होत नाही, कारण एनॅमलचे टर्पेंटाइनसारखे थिनर सौम्य असते. ड्यूकोवर एनॅमल चालतो, एनॅमलवर ड्यूको चालत नाही, हा गॅरेजातला नियम रसायनशास्त्राच्या इतिहासातून आला आहे.

कुर्ल्याची गाडी

आता आपली फियाट. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली. १९७० च्या दशकात हिचेच नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती अनेक पिढ्यांच्या आठवणीत आहे. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निघाली.

परवाना-परमिटच्या काळात नवी गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून हाती असलेली गाडी मोडीत काढण्याऐवजी लोक ती पुन्हा पुन्हा रंगवून घेत. कारखान्यातून आलेला रंग कोणताही असो, त्यावर पुढे तालुक्याच्या गावी जो मिळेल तो थर चढला. कधी ड्यूको, कधी एनॅमल, कधी फक्त पुढच्या दारालाच एक हात. पन्नास वर्षांच्या गाडीवर असे पाच-सहा थर असणे नवलाचे नाही, आणि एका दाराचा इतिहास दुसऱ्या दारासारखा असेलच असेही नाही.

त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी थर वाचायला हवेत. जाणते कारागीर रुपयाएवढी जागा बारीक वॉटर पेपरने पाणी लावून तिरकी घासत जातात. झाडाच्या खोडावर दिसावीत तशी रंगांची वर्तुळे उमटतात. सर्वांत बाहेरचे वर्तुळ सर्वांत नवे, मधला पत्रा सर्वांत जुना. इनामगावचाच नियम! प्रत्येक थराची जात ओळखण्यासाठी थिनरमध्ये भिजवलेले फडके थोडा वेळ त्यावर दाबून धरावे. रंग विरघळून फडक्याला लागला तर तो ड्यूको, थर फुगला किंवा सुरकुतला तर एनॅमल, आणि काहीच झाले नाही तर तो भट्टीत भाजलेला किंवा हार्डनर घातलेला रंग. लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जिथे ओढ कमी लागते तिथे खाली लांबीचा जाड थर आहे.

पाच मिनिटांची ही तपासणी बहुतेक भांडणे टाळते. आणि जेथे ड्यूकोचा जाड थर उन्हात काळ्या रानासारखा भेगाळलेला आढळेल, तेथे वरून काहीही मारण्यात अर्थ नसतो. लवचिकपणासाठी घातलेले एरंडेल तेलासारखे पदार्थ वर्षानुवर्षांत निघून गेल्याने तो ठिसूळ झालेला असतो, आणि त्याची भेग नव्या रंगातूनही वर येते. असा थर पत्र्यापर्यंत काढावाच लागतो.

मात्र तो कोरडा घासू नये. लोखंडाला गंज लागू नये म्हणून पूर्वी मारत असलेल्या शेंदरी अस्तरात खरोखरीचा शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड असे, आणि पिवळ्या रंगांत लेड क्रोमेट सर्रास वापरत. भारतात घरगुती आणि शोभेच्या रंगांतील शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्षात ९० भागांची मर्यादा आली. जुन्या गाडीवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. ती धूळ श्वासातून जाते, कपड्यांवरून घरी पोचते आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. पाणी लावून घासावे, गाळ गोळा करावा, जेवण्यापूर्वी हात धुवावेत.

दोन डब्यांचा रंग

तिसऱ्या काचेकडे वळू. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेनचे रसायन शोधले. पुढे त्यातून मोटारींसाठी दोन डब्यांचा रंग आला. एका डब्यात राळ, दुसऱ्यात हार्डनर. एकत्र केले की काही तासांत रेणूंचे घट्ट जाळे विणले जाते. मग पेट्रोल सांडले तरी ते विरघळत नाही. १९८० च्या दशकापासून कारखान्यांत खाली रंग आणि वर पारदर्शक थर अशी जोडी रूढ होत गेली. आज गॅरेजातही तीच आढळते.

या रंगाने सुरकुत्या कमी केल्या, पण स्वतःचे दोष आणले. एका दमात जाड हात दिला की वरचा थर आधी आवळतो आणि खाली अडकलेले थिनर दुधाच्या सायीतून वाफ फुटावी तसे बाहेर येऊन टाचणीएवढी भोके पाडते. पातळ हात आणि दोन हातांमध्ये पुरेसा वेळ हाच उपाय. दुसरा दोष म्हणजे गोल खळगे. पत्र्यावर सिलिकॉनयुक्त पॉलिशचा अंश राहिला तर त्याच्या कमी पृष्ठताणामुळे ओला रंग तेथून मागे सरतो. परातीतल्या पाण्यावर हळद भुरभुरून मधोमध साबणाचा थेंब टाकला की हळद कशी पळते ते मुलांना दाखवावे. घासण्याआधी पत्रा मेणतेल काढणाऱ्या द्रवाने पुसला तर हे टळते. आधी घासले तर तोच अंश ओरखड्यांत जाऊन बसतो.

पण सर्वांत गंभीर दोष पत्र्यावर दिसतच नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट कुळातील रसायने असतात. १९८४ साली भोपाळमध्ये सुटलेला वायू याच कुळातला. रंगातली रसायने त्याहून वेगळी आणि पुष्कळ कमी उडणारी असली, तरी फवारताना त्यांचे तुषार फुप्फुसात जातात. काहींना त्यामुळे दमा जडतो आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की अत्यल्प मात्राही दम लावते. तोंडाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी आहे. वासावरून धोका ओळखता येत नाही, म्हणून नळीतून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटाच हवा. ड्यूकोच्या काळात शिकलेल्या उस्तादाने रुमालावर दिवस काढले असतील. त्याच्या हाताखालच्या, आयटीआयमधून आलेल्या मुलाने तसे करू नये. रसायन बदलले की सवयही बदलावी लागते.

पाण्याने आलेले फोड

दारांवरच्या फोडांचे राहिलेच. फोड आठवड्यांनी, तेही पावसानंतर आले, हीच मोठी खूण आहे. घासून झाल्यावर पत्रा बोअरच्या पाण्याने धुतला आणि तसाच वाळू दिला असेल. आपल्या भागातील बरेचसे भूजल कठीण असते. हंड्याच्या तळाशी साचणारा पांढरा थर सर्वांच्या ओळखीचा आहे. दौंड भागात कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला तशा काही जमिनी क्षारपड झाल्या, आणि तेथील विहिरींचे पाणीही खारे झाले. पाणी उडून जाते, क्षार पत्र्यावर राहतात आणि रंगाखाली गाडले जातात.

रंगाचा थर डोळ्यांना अभेद्य वाटला तरी पाण्याचे रेणू त्यातून सावकाश आत जातात. आत क्षार, बाहेर पावसाचे शुद्ध पाणी, मध्ये रंगाचे पटल. सातवी-आठवीच्या पुस्तकातले परासरण ते हेच! मनुका पाण्यात टाकल्यावर फुगते तसा रंग फुगतो. फोड टाचणीने फोडून आतला थेंब काचेवर वाळू दिला तर बहुधा पांढरा डाग उरतो. उपायाला खर्च नाही. शेवटची धुलाई पावसाच्या साठवलेल्या किंवा बॅटरीसाठी मिळणाऱ्या शुद्ध पाण्याने करावी आणि पत्रा लगेच कोरडा पुसावा.

कारखाना आणि गॅरेज

याच शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा मोटर्स यांचा भागीदारीतील कारखाना उभा राहिला. २०१७ पासून तेथे जीप कंपास तयार होऊ लागली. पद्मिनीच्या मूळ कंपनीचे नाव असे फिरून आपल्या दारी आले.

आजच्या मोठ्या मोटार कारखान्यांत गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेचा प्रवाह सोडतात. ही पद्धत १९६० च्या दशकात फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर यांनी पुढे आणली. विद्युतभारित रंगकण सांदीकोपऱ्यांतही जाऊन बसतात. मग भट्टी, अस्तर, रंग, पारदर्शक थर. सगळे मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. तेथे हवेची आर्द्रता, धूळ आणि पाण्याची शुद्धता नियंत्रणात असते. थरांचा क्रमही ठरलेला आणि एकाच काळातला असतो.

रस्त्याकडेच्या गॅरेजात यांतले काहीच नसते. तेथे हवा पावसाची, पाणी बोअरचे आणि खालचे थर अर्ध्या शतकाचे. म्हणून तेथील कारागिराला कारखान्यातल्या माणसापेक्षा अधिक रसायनशास्त्र कळावे लागते, आणि पुष्कळांना ते पुस्तकाविना कळलेलेही असते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मूळ रूप टिकवलेल्या, पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केल्यापासून अशा गाड्या जपण्याला महत्त्व आले आहे. त्या जपण्याचे ज्ञानही जपायला हवे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. नववी-दहावीच्या मुलांना जवळच्या गॅरेजात घेऊन जावे आणि रंगाचा एखादा दोष दाखवून तीन प्रश्न विचारायला सांगावे. दोष केव्हा दिसला, फवारताना, वाळताना, काही आठवड्यांनी की काही वर्षांनी? त्या दिवशी हवा कशी होती? खाली कोणते थर होते? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की चूक कोणाची हा चौथा प्रश्न बहुधा विचारावा लागत नाही, आणि कारागिराची मजुरीही कापली जात नाही.